घरातलं आरा मशीन

माझं सगळं आयुष्य रेघा मारण्यात गेलं. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नक्षे काढायचो. नोकरीला लागलो भुसावळला, तिशीच्या आत बदली होऊन बनारसला आलो, बालाजी घाटाजवळच्या एका मराठी घरातली मुलगी केली आणि परत जायचं राहूनच गेलं. माझी रेघ अर्ध्या मिलिमीटरनंही चुकत नाही, अशी ऑफिसात ख्याती होती. ती ख्याती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटाही बराच होता.

मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली आणि घरातली एक खोली रिकामी झाली. तिथे मी लाकडाची छोटी मॉडेलं करायला लागलो. करायला लागलो म्हणजे त्यांचे नक्षे काढायला लागलो. पुढचं काम अडलं होतं, कारण माझ्याकडे चांगली करवत नव्हती. हातकरवतीनं कापलेली पट्टी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघायची. एका ओळखीच्या सुतारमिस्त्रीकडे जाऊन मी दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मागितल्या, तेव्हा तो मोठ्या आऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबूजी, ह्याचं पातंच तीन मिलिमीटर लाकूड खातं. तुमच्या हातात पट्टी कमी, भुसा जास्त येईल."

तेव्हा मला हवी होती ती छोटी टेबल-करवत. म्हणजे पाटाएवढं लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं बशीएवढं गोल, पातळ पातं, खाली मोटर. लाकूड टेबलावर ठेवून पात्याकडे सारायचं. अमेरिकेत माझा एक आतेभाऊ होता. त्याला मी पत्र टाकलं आणि त्यानं बिचाऱ्यानं कॅटलॉगं पाठवली.

मग मी निवड सुरू केली. ती दोन वर्षं चालली.

मी एक मोठा ड्रॉइंग शीट घेतला आणि त्यावर तक्ता आखला. डावीकडे चार करवती, वर सोळा रकाने. टेबल ओतीव लोखंडाचं की अॅल्युमिनियमचं? पातं वरखाली होतं का? पात्याला दात किती? लाकूड ज्याला टेकवून सारायचं ती आडपट्टी एकाच बाजूनं आवळते की दोन्ही? मोटर पट्ट्यावर चालते की थेट? प्रत्येक रकान्यासाठी आतेभावाला एक पत्र, त्याच्याकडून महिन्याभरानं एक पोस्टकार्ड. त्याचं शेवटचं पोस्टकार्ड एका ओळीचं होतं: "दादा, कुठलीही घे."

बायको दारात उभी राहून तो तक्ता बघायची. ती घरी बसून मोहल्ल्यातल्या बायकांचे ब्लाउज शिवत असे. बनारसमध्येच वाढलेली असल्यानं तिच्या मराठीला हिंदीचं अस्तर होतं. एकदा ती म्हणाली, "लग्नाच्या वक्ताला माझी इतकी पूछताछ केली नव्हती तुम्ही."

"तेव्हा माझा अनुभव कमी होता," मी म्हणालो. हे बोलणं जितकं चतुर वाटलं होतं तितकं ते ठरलं नाही. दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडलं.

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत ठराव झाला की पुढच्या गणेशोत्सवात आरास म्हणून भोसले घाटाची लाकडी प्रतिकृती ठेवायची. वरचा दगडी वाडा, त्याखालची उंच भिंत आणि नदीपर्यंतच्या पायऱ्या, सगळं शंभराला एक या मापानं. करणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. नकार द्यायचा तर मान वर ठेवावी लागते, हे मला नंतर सुचलं.

करवत डिसेंबरात आली. आतेभाऊ आईवडिलांना भेटायला आला होता, तेव्हा सामानात घालून घेऊन आला. मी ती स्टुलावर ठेवली, तिच्याभोवती एक फेरी मारली, आडपट्टी मागेपुढे करून पाहिली. इतकं देखणं यंत्र आमच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. मी प्लग हातात घेतला आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की तक्त्याच्या सोळा रकान्यांत एक रकाना घालायचा राहून गेला. करवत एकशेदहा व्होल्टची होती.

आपल्याकडे दोनशेवीस. आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी तेही नसायचे. बल्ब पिवळा होऊन नुसता ओळख ठेवण्यापुरता जळायचा. चौकातल्या एका विजेच्या कारागिराकडून मी व्होल्ट निम्मे करणारा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला. तो करवतीपेक्षा दुप्पट मोठा आणि तिप्पट जड होता. चालू केला की आधी तो गुणगुणायचा, मग करवत. संध्याकाळी मी ऑफिसातून यायचो तेव्हा व्होल्टेज इतकं पडलेलं असे की निम्मं करून करवतीच्या वाट्याला काही उरायचं नाही. पातं दोनचार आळसट फेरे घेऊन थांबायचं. आणि बरेचदा बिजलीच नसायची.

मी मात्र हातावर हात ठेवून बसलो नाही. भिंतीवर एक कार्ड लावलं. त्यावर सुबक अक्षरात सात नियम लिहिले: डोळ्यांवर चष्मा असावा, बोटं पात्यापासून चार अंगुळं दूर असावीत, शेवटचा भाग काठीनं ढकलावा, वगैरे. उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, टेप घेऊन भोसले घाटावर मापं घ्यायला गेलो. पायऱ्या नेमक्या किती यावर मंडळात दोन तट पडले होते. खरं म्हणजे दोन्ही तट बरोबर होते. एकानं मोजल्या होत्या माघात आणि दुसऱ्यानं वैशाखात. गंगा जितकी खाली तितक्या पायऱ्या जास्त. मी ओणवा होऊन एकेक पायरी मोजत होतो तेव्हा एक म्हातारा नावाडी होडीतून बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "का मालिक, घाट बिकात हौ का?" घाट विकला जाणार नाही, त्याची लाकडात नक्कल होणार आहे, असं सांगितल्यावर त्याची काळजी मिटण्याऐवजी वाढलेली दिसली.

एक पायरी साधारण वीस सेंटिमीटर उंच निघाली. म्हणजे मॉडेलात दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर जाडीच्या, अगदी सारख्या पट्ट्या कापायच्या आणि एकीवर एक, थोडी मागे सारत चिकटवत जायचं, की घाट झाला. एकेक पायरी तीन तुकडे जोडून करायची, म्हणून पट्ट्या लागणार होत्या दोनशेच्या वर.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी घरात चांगली वीज होती आणि मी घरी होतो. असा योग पहिलाच; तोवरचे रविवार नक्ष्यात आणि मापांत गेले होते. मी चष्मा लावला, खेळण्यांसाठी वापरतात तसल्या पांढऱ्या, हलक्या लाकडाची फळी घेतली, आडपट्टी दोन मिलिमीटरवर आवळली आणि बायकोला बघायला बोलावलं. बटण दाबलं. पातं असं काही सूं करत फिरलं की मी एक पाऊल मागे सरलो. संध्याकाळचं मरगळलेलं पातं मी ओळखत होतो. हे कुणी दुसरंच होतं. मी फळी सारली. निम्मी कापली गेली, मग अडली. मी जोर केला. त्यासरशी फळी पात्याला चिकटली, उसळली आणि उलटी येऊन माझ्या पोटावर आदळली; कापलेली पट्टी बाणासारखी सुटून मागच्या भिंतीवरच्या नियमांच्या कार्डाला लागली. तिसऱ्या नियमावर भोक पडलं.

"लागलं का?" बायकोनं धावत येऊन बटण बंद केलं.

"व्होल्टेज कमीजास्त होतंय," मी म्हणालो.

पोटावर हातभर काळानिळा वळ उठला होता. पंधरा दिवसांनी तो गेला. भीती गेली नाही. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही आणि स्वतःलाही निराळंच सांगत राहिलो. आधी नक्षा पुन्हा तपासायला हवा. लाकूड अजून ओलं वाटतंय. पावसाळी हवेत पट्ट्या वाकतील. रविवार आला की मला बाजारात काहीतरी काम निघायचं. जुलै संपत आला. मंडळाचे अध्यक्ष रस्त्यात भेटले की विचारायचे, "घाट कुठवर आला?" मी म्हणायचो, "पायाचं काम चाललंय." पायात एक लाकूडही पडलं नव्हतं.

आणि एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर खोलीत स्टुलावर पट्ट्यांची एक जुडी होती. चाळीस पट्ट्या, साडीला फॉल लावायच्या दोऱ्यानं बांधलेल्या. मी एक काढून, केसाएवढी जाडीही दाखवणाऱ्या माझ्या व्हर्नियर पट्टीनं मोजली. दोन मिलिमीटर. दुसरी मोजली, मधली मोजली, शेवटची दोन्ही टोकांना मोजली. दोन, दोन, दोन.

"मिस्त्रीकडून आणल्यास?" मी विचारलं.

बायको कणीक मळत होती. "मिस्त्रीकडे कशाला जाऊ? घरात मशीन आहे ना."

"कुणी कापल्या?"

तिनं कणीक मळणाऱ्या दोन्ही हातांकडे नुसतं पाहिलं. दहाही बोटं जागेवर होती.

मी आधी रागावलो. पात्यानं बोट गेलं असतं तर, घरात कुणी नसताना, असं बरंच काही बोललो. ते सगळं खरं होतं, आणि रागाचं खरं कारण त्यात नव्हतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "दुपारी बारा ते तीन बिजली फस्क्लास असते. तुम्ही त्या वक्ताला दफ्तरात असता. मी काय करू?"

"पण तुला जमलं कसं?"

"शिलाई मशीनसारखंच आहे. कपडा ढकलायचा नसतो. ढकलला की सुई तुटते. मशीन घेईल तितकाच द्यायचा, आपण नुसतं सोबत जायचं." मग माझ्या चेहऱ्याकडे न बघता, "आणि तुमची ती आडपट्टी पुढून बरोबर होती, मागून आत येत होती. लाकूड फसायचं त्याच्यानं. मी मागे पोस्टकार्ड घातलं."

मी जाऊन पाहिलं. आडपट्टी जिथे आवळते तिथे मागच्या बाजूला आतेभावाचं ते एका ओळीचं कार्ड घडी करून सरकवलेलं होतं. त्यानं ती मागच्या टोकाला केसभर बाहेर राहत होती आणि कापलेलं लाकूड मोकळं सुटत होतं. मी आडपट्टी फक्त पुढून मोजली होती. अर्ध्या मिलिमीटरनं न चुकणारा माणूस मागच्या बाजूनं अर्ध्या मिलिमीटरनं चुकला होता. भिंतीवरच्या कार्डावर सात नियमांखाली तिच्या गोल अक्षरात आठवा आला होता: "पदर खोचा. बांगड्या वर सारा."

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. दुपारी ती कापायची, संध्याकाळी मी चिकटवायचो. कंदिलाच्या उजेडातही सरस लावता येतो. चिकटवताना मला वाटायचं, निवड माझी, नक्षा माझा, मापं माझी. कापणं हे शेवटी मजुरीचं काम. असं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणावं लागत होतं, यातच काय ते आलं.

ऑगस्टमध्ये एक भानगड झाली. घरात लाकूड कापायचं आरा मशीन बसवलंय, अशी तक्रार शेजाऱ्यांपैकी कुणीतरी केली. आरा मशीन म्हणजे झाडांचे ओंडके चिरायची गिरणी. तिला सरकारी परवाना लागतो. भर दुपारी वनखात्याचे एक साहेब जाडजूड फाइल काखेत मारून जिने चढून आले. मी ऑफिसात होतो. हे सगळं बायकोनं मला नंतर सांगितलं.

"आरा मशीन कुठेय?" त्यांनी विचारलं.

तिनं स्टुलाकडे बोट केलं. साहेबांनी स्टुलाखाली पाहिलं, मागे पाहिलं, मग स्टुलावर पाहिलं.

"हे?"

"हे."

"आणि ओंडके?"

तिनं पट्ट्यांची जुडी दाखवली. साहेब खुर्चीवर बसले, घाम पुसला, चहा घेतला आणि चालवून दाखवा म्हणाले. तिनं पदर खोचला आणि दोन पट्ट्या काढून दिल्या. त्या त्यांनी फाइलीच्या कडेला ठेवून पाहिल्या. मग अहवाल लिहिला. त्याची एक प्रत आमच्याकडे राहिली. हिंदीत लिहिलं होतं की सदर घरी आरा मशीन आढळलं नाही, शिलाई मशीनच्या स्वरूपाचं एक घरगुती यंत्र आढळलं, आणि ते गृहस्वामिनी स्वतः चालवतात. 'चालक' या रकान्यात तिचं नाव होतं. माझ्या सोळा रकान्यांत तोही रकाना नव्हता.

गणपती बसले त्या दिवसापर्यंत घाट पुरा झाला. वाड्याच्या भिंतीला मी दगडाचे सांधे कोरले होते, वरच्या खिडक्या जागेवर होत्या, आणि खाली सगळ्या पायऱ्या, अगदी तळापर्यंत. बाहेर गंगेला पूर होता, खऱ्या घाटाच्या बहुतेक पायऱ्या पाण्याखाली होत्या. लोक आरतीला यायचे आणि गणपतीला हात जोडून लगेच मॉडेलापाशी वाकून पायऱ्या मोजायचे. दोन्ही तटांचे लोक मोजून झाल्यावर आपलंच खरं होतं असं सांगत परत जायचे.

शेवटच्या दिवशी माझा सत्कार होता. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण. त्यांनी माझ्या चिकाटीबद्दल, अमेरिकेहून यंत्र मागवण्याच्या दूरदृष्टीबद्दल आणि 'सोन्यासारख्या हातांबद्दल' बरंच सांगितलं. बायको चौथ्या रांगेत बसली होती आणि शेजारणीच्या बाहीची शिवण बघत होती. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो तेव्हा आभार मानून बसायचं एवढंच मनात होतं. पण 'सोन्यासारखे हात' हे शब्द कानात राहिले होते आणि माझे हात शालीखाली होते.

मी म्हणालो, "एक खुलासा करतो. यातली एकही पट्टी मी कापलेली नाही. एकदा कापायला गेलो, ती पोटावर बसली. त्यानंतर मी यंत्राला हात लावला नाही, कारण मला त्याची भीती वाटते. सगळ्या पायऱ्या माझ्या बायकोनं कापल्यात. मी त्या फक्त चिकटवल्या."

सभागृहात टाळ्या पडल्या. प्रचंड पडल्या. अध्यक्ष पुन्हा माइकपाशी आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा! एवढं करूनही श्रेय पत्नीला! याला म्हणतात विनय." लोक हसले. खाली उतरलो तर दोनतीन बायका माझ्या बायकोचा हात धरून सांगत होत्या, "नशीबवान आहात हो, असा नवरा मिळायला." तीही हसून मान हलवत होती.

घरी जाताना गल्लीत आम्ही पुढेमागे चाललो होतो. शाल मी काढून हातात घेतली होती.

"मी खरं सांगितलं," मी म्हणालो. "कुणाला पटलं नाही, त्याला मी काय करू?"

"ऐकलं मी."

"तुला राग आला?"

"नाही. 'तिनं जरा मदत केली' असं म्हणाला असता तर आला असता." चार पावलं पुढे गेल्यावर ती थांबली. "पण भीती वाटते हे मला कधी बोलला नाहीत. तीन महिने व्होल्टेज, व्होल्टेज करत बसलात."

मग मीच विचारलं, "तुला नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "रोज. बटण दाबायच्या आधी देवाचं नाव घेते. हातपण थरथरतो थोडा. पातं फिरायला लागलं की थांबतो."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. तिला भीती वाटतच नाही, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीचाच मला राग होता.

त्या दिवाळीत, एका सुट्टीच्या दुपारी, ती म्हणाली, "या इकडे." मी चष्मा लावला. ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, पात्याच्या रेषेतून बाहेर. मी बटण दाबलं, हात थरथरला, फळी टेबलावर टेकवली. ती फक्त एवढंच म्हणाली, "ढकलू नका." मी ढकललं नाही. पट्टी सुटून पलीकडे अलगद पडली.

मी व्हर्नियर घेतला. एका टोकाला दोन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला दोन पूर्णांक दोन दशांश.

"चालेल का?" मी विचारलं.

तिनं पट्टी डोळ्यासमोर धरून पाहिली, दोन बोटांत वाकवून पाहिली आणि सरपणाच्या डब्यात टाकली. "दुसरी काढा," ती म्हणाली. "बिजली आहे अजून दोन तास."